भुंगा आणि कृष्णामाईची ओटी

अंबूबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया भुंग्याने खाल्ल्या, हे खरेच होते. पण त्याने सगळ्या खाल्ल्या नव्हत्या, कडेच्या थोड्या ठेवल्या होत्या. हा मुद्दा प्रमोदिनीबाईंनी परोपरीने मांडला, तरी अंबूबाईंना तो काही पटेना.

"ठेवल्या त्या पोट भरलं म्हणून ठेवल्या, मास्तरीणबाई," अंबूबाई म्हणाल्या. "माझी दया आली म्हणून न्हवं."

हा खटला जिन्याखाली चालला होता आणि आरोपी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून जांभया देत होता. भुंगा काळाकुळकुळीत, फक्त पुढचे दोन पंजे पांढरे. सिद्धनाथाच्या यात्रेच्या वेळी प्रमोदिनीबाईंचे यजमान गोपाळकृष्ण पाटबंधारे खात्याच्या कामाने म्हसवडला गेले आणि तिथल्या एका मेंढपाळाकडून हे कुत्र्याचे पिल्लू पिशवीत घालून घेऊन आले. लेक नुकतीच सासरी गेलेली, साताऱ्याहून सांगलीला बदली झालेली, नवे गाव, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाशिवाय बोलायला कुणी नाही. त्या पिशवीतून काळे डोके बाहेर आले त्या क्षणापासून प्रमोदिनीबाईंना पुन्हा हाका मारायला घरात कुणीतरी मिळाले होते.

अंबूबाई घरमालकीण. शिराळ्याकडे उसाचा मोठा मळा. यजमान मळ्यावरच राहत. का राहत, हे गल्लीत कुणी विचारत नसे. नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि आवाज असा की खालच्या ओसरीवरून त्या भाजीवाल्याशी बोलल्या की पलीकडच्या गल्लीतले भाव उतरत.

"आता पालिकेची गाडी फिरतीय," अंबूबाईंनी निकाल द्यायला सुरुवात केली. "गळ्यात बिल्ला नसलेलं कुत्रं उचलत्यात. आणि बिल्ल्याला घरमालकाची सही लागती. बरूबर?"

बरोबरच होते. गोपाळकृष्ण आदल्याच दिवशी पालिकेत जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे ओढून विचारले होते, "जात?" गोपाळकृष्ण पडले सुधारक. ताठ उभे राहून ते म्हणाले, "आम्ही जातपात मानत नाही." कारकून म्हणाला, "तुमची नव्हे हो, कुत्र्याची." त्यानंतर गोपाळकृष्णांना भाडेकरूच्या कुत्र्यासाठी घरमालकाची संमती आणायला सांगून परत पाठवण्यात आले. त्या पाणउताऱ्याने ते रात्री जेवताना ताकसुद्धा प्यायले नाहीत.

"सही मी करीन," अंबूबाई म्हणाल्या, "पण फुकट न्हाई. श्रावणात नदीला पाणी चढलं की तीन गल्ल्यांतल्या आमी बायका कृष्णामाईची वटी भराय जातो. तवा ह्याला संगं आणायचं. वळण हाय का न्हाई, ते चारचौघांत कळतंय. नीट वागला, तर सही. न्हाईतर दुसऱ्या दिवशी म्हसवडची यष्टी."

आता श्रावणापर्यंत कुत्र्याला वळण लावायचे कसे? शेजारचे निवृत्त हवालदार लालासाहेब यांच्याकडे उत्तर तयारच होते. त्यांच्याकडे सगळ्याच प्रश्नांची उत्तरे तयार असत आणि ती सगळी एकाच पलटणीतली असत.

"वैनी, कुत्र्याला कवायत पायजे. एक हुकूम, एक काम. चुकला की कान." असे म्हणून त्यांनी मिशी सारखी केली, भुंग्यापुढे टाचा जुळवल्या आणि "सावधान!" अशी आरोळी ठोकली. समोरच्या घरातले बाळ दचकून रडायला लागले. भुंग्याने लालासाहेबांचा गुडघा चाटला.

"नवा रंगरूट हाय," लालासाहेब म्हणाले. "टाइम लागंल."

पण प्रमोदिनीबाईंनी लग्नानंतर साताऱ्याला काही वर्षे बालवाडी चालवलेली. म्हणून तर अंबूबाई त्यांना मास्तरीण म्हणत, आणि म्हणताना त्यात थोडे तिखट घालत. एका जागी दोन मिनिटे न बसणारी, चावणारी, दुसऱ्याचा डबा खाणारी पोरे त्यांनी छडीला हात न लावता माणसात आणली होती. कशी आणली होती? खेळून. मग हे तर एकच, आणि त्याला डबाही नव्हता. त्यांचा उत्साह असा उसळला की त्याच दुपारी त्यांनी शेंगदाणे भाजून पदराला बांधले आणि ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला चहा दिला तो उभ्याउभ्याच.

"अहो, लवकर प्या. आपल्याला लपायचंय."

"कुणाला लपायचंय?"

"तुम्हाला. मी दहा आकडे म्हणीन, भुंगा तुम्हाला शोधील. हाकेला येणं हे पहिलं वळण. सापडलात की त्याला शेंगदाणे."

"आणि मला?"

"तुम्हाला काय शेंगदाणे द्यायचे? लपा."

गोपाळकृष्ण ऑफिसात मुख्य कारकून होते. कालव्याच्या पाण्यासाठी आलेले बागायतदार त्यांच्या टेबलापुढे अदबीने उभे राहत. तोच माणूस आता कपाटामागे, दाराआड, पिंपापलीकडे लपू लागला. भुंगा इतका तरबेज झाला की घरातल्या जागा संपल्या. तेव्हा एका संध्याकाळी गोपाळकृष्ण खाली जाऊन अंबूबाईंच्या गोवऱ्यांच्या खोलीत शिरले. नेमक्या अंबूबाई चुलीसाठी गोवऱ्या न्यायला आल्या.

"आवं गोपाळराव, माझ्या शेणीच्या खोलीत काय करताय?"

"लपलोय," गोपाळकृष्ण कुजबुजले.

"कुणापासनं?"

"कुत्र्यापासून."

अंबूबाईंनी दार हळूच लोटून घेतले. त्या संध्याकाळपासून त्या गोपाळकृष्णांशी जरा हळू आवाजात आणि सोपे सोपे बोलू लागल्या.

पुढचा खेळ संगीतखुर्चीचा. रेडिओ चालू असेपर्यंत फिरायचे, बंद झाला की बसायचे. प्रमोदिनीबाई रेडिओच्या बटणापाशी, मध्ये एक पाट, आणि त्याभोवती भुंगा व गोपाळकृष्ण. पहिले काही दिवस गोपाळकृष्ण जिंकले आणि त्यांचा चेहरा जरा खुलला. मग भुंग्याला नियम कळला. गाणे थांबायच्या आत, बटणाकडे हात गेला की तो पाटाकडे सरकू लागला. गोपाळकृष्ण हरू लागले. एकदा त्यांनी "हा आधी बसला, ही लबाडी आहे," अशी रीतसर तक्रारही केली. प्रमोदिनीबाईंनी ती फेटाळली. पण त्यांच्या पोटात आनंद मावत नव्हता. बाजारात, रस्त्यात कुठेही वाजणारे वाजायचे थांबले की भुंगा टपकन बसायचा. वळण म्हणतात ते याहून काय वेगळे असते?

तिसरा खेळ फेकण्याचा, आणि सगळे रामायण त्यानेच घडवले. कापडी चेंडू भुंगा एका दुपारीत फाडायचा. लाकूड कुरतडून खायचा. रबराची जुनी चप्पल त्याने अर्धी गिळली आणि डॉक्टरांकडे न्यावे लागले. ते डॉक्टर खरे तर म्हशींचे होते. त्यांनी भुंग्याला बघून "दूध किती देतो?" असा विनोद केला. गोपाळकृष्ण हसले नाहीत.

"नारळ द्या की, वैनी," लालासाहेब कठड्यावरून म्हणाले. "फुटत न्हाई, फाटत न्हाई. आणि शेंडी दातात धराय सोयीची."

काय सुचले होते! शेंडीचा नारळ भुंग्याला असा आवडला की तो त्याच्याशेजारी झोपायला लागला. पुढे लालासाहेबांनीच त्याला सकाळी घाटावर नेऊन उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात नारळ फेकायला सुरुवात केली. कृष्णेचे पाणी अंगाला लागले की भुंग्याचे कुत्रेपण गळून पडे आणि तो मासा होई. प्रमोदिनीबाईंनी खेळाला एक नियमही लावला, कारण नियमाशिवाय खेळ म्हणजे नुसता गोंधळ, असे त्यांचे बालवाडीपासूनचे मत होते. नारळ ज्याने फेकला त्याच्याच हातात आणून द्यायचा, आणि पुढ्यात शहाण्यासारखे बसायचे. लालासाहेबांचा लालासाहेबांना, गोपाळकृष्णांचा गोपाळकृष्णांना. भुंगा कधी चुकला नाही.

आणि इतक्या दिवसांत, इतक्या खेळांत, श्रावणात नदीकाठी बायका नेमके काय टाकणार आहेत हा विचार एकाही माणसाच्या डोक्यात आला नाही. देवाचा नारळ वेगळा आणि खेळाचा नारळ वेगळा, हे ज्याला त्याला ठाऊक होते. भुंग्याला ते कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

श्रावणातल्या शुक्रवारी नदी दोन्ही काठ भरून तांबडी वाहत होती. तीन गल्ल्यांतल्या बायका हिरव्यागार लुगड्यांत, ताटांत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडे घेऊन निघाल्या. पुढे हलगी आणि सनई. सर्वांत पुढे अंबूबाई, आणि त्यांच्या मागे साखळी धरून प्रमोदिनीबाई. भुंग्याला साबण लावून आंघोळ घातली होती. गळ्यात तूर्त बिल्ल्याऐवजी लाल नाडा होता.

वाजंत्री सुरू झाली, भुंगा चालू लागला. मारुतीच्या देवळापुढे नमस्कारासाठी वाजंत्री थांबली, भुंगा टपकन बसला. पुन्हा सुरू, पुन्हा चालू. पुन्हा बंद, पुन्हा बसला.

"आगं बया!" शेजारच्या गल्लीतल्या रंगूबाई म्हणाल्या. "देवापुढं बसतंय गं!"

बायका वाकून वाकून बघू लागल्या. हलगीवाल्या ज्ञानूला चेव आला आणि तो उगाच मध्येमध्ये थांबू लागला. अंबूबाई मागे वळून पाहत नव्हत्या, पण त्यांची मान नेहमीपेक्षा जास्त ताठ झाली होती. "आमच्या वाड्यातलं हाय," असे त्या कुणाला तरी म्हणाल्याचेही प्रमोदिनीबाईंनी ऐकले. सही झाल्यातच जमा होती. प्रमोदिनीबाईंना वाटले, आपणही ज्ञानूच्या हलगीवर दोन पावले टाकावीत.

घाटावर मागे गोपाळकृष्ण आणि लालासाहेब उभे होते. अंबूबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. हळदकुंकू वाहिले, तांदूळ वाहिले, खण सोडला आणि नारळ दोन्ही हातांनी लांब टाकला. सगळ्या बायकांनी हात जोडले. प्रमोदिनीबाईंनीही जोडले, आणि नमस्काराला दोन्ही हात लागत असल्यामुळे साखळी सुटली.

धप्!

डोळे उघडले तेव्हा भुंगा परतत होता. मान उंच, दातांत शेंडी. पायरीवर चढून त्याने नारळ अंबूबाईंच्या हातात दिला आणि पुढ्यात शहाण्यासारखा बसला. शेपूट पायरीवर आपटत होते. त्याच्या मते इतका सुंदर फेकलेला नारळ त्याला आजवर कुणी दिला नव्हता.

अंबूबाईंनी नारळाकडे पाहिले, कुत्र्याकडे पाहिले. "हं," म्हणाल्या आणि पुन्हा टाकला. तोही परत आला. एव्हाना मागच्या बायकांनीही आपापले नारळ सोडले होते. भुंग्याने आनंदाने एक आरोळी दिली. एकाच वेळी इतके नारळ! तो पाण्यात गेला तो गेलाच. एकीचा आणून दिला, दुसरीचा आणून दिला.

"थम!" लालासाहेब ओरडले. "पीछे मुड!" भुंगा पुढेच पोहत राहिला.

गोपाळकृष्ण इस्त्रीच्या विजारीसह कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि हात पसरून उभे राहिले. भुंग्याला वाटले, साहेब लपंडावातून इकडे खेळायला आले. त्याने वाटेत त्यांच्या तोंडावर एक प्रेमाची चाट दिली. गोपाळकृष्ण पाय घसरून गळ्यापर्यंत बसले आणि त्यांचा चष्मा कृष्णार्पण झाला. खण-तांदूळ सोडले, तर त्या दिवशी नदीकडे राहिलेली ती पहिली वस्तू.

"आगं, मायनं वटी नाकारली गं!" रंगूबाईंनी छातीवर हात मारला.

सनई थांबली. अंबूबाईंचे तोंड कुंकवाच्या रंगाचे झाले होते.

"मी नारळ म्हणलं हुतं," लालासाहेब मागच्या मागे पुटपुटले. "नदी न्हवतं म्हणलं."

"मास्तरीणबाई, धरा त्येला," अंबूबाई म्हणाल्या. प्रमोदिनीबाईंनी भिजलेल्या भुंग्याला मिठी मारली. अंबूबाईंनी लुगड्याचा पदर खोचला आणि तिसऱ्यांदा असा हात फिरवून नारळ भिरकावला की तो थेट मधल्या धारेला लागला आणि पुलाच्या दिशेने निघाला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हसवडची सकाळची यष्टी कवा सुटती?"

भुंग्याचे ओले डोके प्रमोदिनीबाईंच्या गळ्याशी होते. त्यांच्या डोळ्यांपुढे वरच्या दोन खोल्या आल्या, घड्याळ आले, रिकामा पाट आला. आणि पुढे आपण काय बोलतो आहोत हे त्यांना बोलल्यावरच कळले.

"काकू, आपण बाईची ओटी भरतो, तेव्हा ती ओटीतले चार दाणे आपल्याला परत देते की नाही?"

"देती. रीतच हाय ती."

"मग कृष्णामाईला रीत कळत नसेल का?"

घाटावर चुळबुळ झाली. अंबूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "चार दाणे देत्यात, मास्तरीणबाई. आख्खा नारळ न्हाई देत कुणी."

"तुमची माझी ओटी केवढी आणि नदीची केवढी? तिच्या ओटीतले चार दाणे म्हणजे नारळच की. आणि बघा, ज्याचा त्यालाच दिला. एकसुद्धा चुकवला नाही."

हे शेवटचे वाक्य लागू पडले. नारळ परत मिळालेल्या दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिले आणि आपापला नारळ पदराखाली घेतला. एकीने तर तो कपाळाला लावला. ते पाहून रंगूबाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"मंग माझा का न्हाई दिला?" त्या म्हणाल्या. "मी काय घोडं मारलंय मायचं?"

"माझा बी न्हाई आला!"

"तो बगा माझा चाललाय! त्या भवऱ्यात फिरतोय!"

"धरून काय ठेवलाय कुत्र्याला? सोडा की!"

पाच मिनिटांपूर्वी अपशकून असलेला भुंगा आता कृष्णामाईचा माणूस झाला होता. प्रमोदिनीबाईंनी हात सैल केले, आणि मग जे झाले ते बघायला पुलावर सायकली थांबल्या. ज्ञानूने हलगी कडाडवली. भुंगा सूर मारायचा, नारळ यायचा, बायका टाळ्या पिटायच्या. "त्यो डावीकडचा, डावीकडचा!" "आधी माझा रं, बाळा!" आयुष्यात कुत्र्याला हाडहूड करण्यापलीकडे शब्द न बोललेल्या बाया त्याला राजा, सोन्या म्हणू लागल्या. रंगूबाईंचा नारळ आला तेव्हा त्यांनी भुंग्याच्या ओल्या कपाळावर हळदकुंकू लावले. लालासाहेब छाती काढून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आपल्या हाताखाली तयार झालंय."

सगळ्यांचे नारळ परत आले. मग हळूहळू एकीच्या लक्षात आले, दुसरीच्या आले, आणि हलगीसुद्धा आपोआप थांबली.

अंबूबाई पायरीवर रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

साऱ्या घाटावर नदीने काही परत दिले नव्हते ते फक्त त्यांनाच. दोनदा दिले होते आणि दोन्ही वेळा त्यांनीच उलट भिरकावले होते. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. "चला, घरला," म्हणाल्या, पण तो आवाज भाजीवाल्याशी बोलणारा नव्हता. प्रमोदिनीबाईंना त्यांच्याकडे बघवेना. उद्याची यष्टी, सही, सगळे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेले.

हलगी थांबली म्हणून भुंगा बसला होता. त्याने अंबूबाईंच्या हातांकडे पाहिले. मग वळून नदीकडे पाहिले. लांब, पुलाच्या अलीकडे, तांबड्या पाण्यावर एक ठिपका वरखाली होत होता. नियम म्हणजे नियम. तो उठला.

"भुंग्या, नको!" प्रमोदिनीबाई किंचाळल्या. "तिकडं ओढ आहे रे! भुंग्या!"

तो गेला होता. धारेत शिरला तसे फक्त डोके दिसू लागले, मग तेही दिसेना, मग पुन्हा दिसले. प्रमोदिनीबाई काठाने पळत सुटल्या. त्यांच्यामागे बिनचष्म्याचे गोपाळकृष्ण झुडपांवर आपटत, त्यांच्यामागे लालासाहेब, त्यांच्यामागे ताटेबिटे टाकून तीन गल्ल्या. आणि या सगळ्यांना मागे टाकून, काष्टा आवळून, साठीच्या घरातल्या अंबूबाई चिखल तुडवत पुढे गेल्या.

"सोड रं त्यो नारळ!" त्या नदीला ऐकू जाईल असे ओरडत होत्या. "न्हाई पायजे मला! सोड आणि ये भाईर! आरं, ऐक की, मुडद्या!"

पुलाखाली डोके गेले आणि दिसेनासे झाले. प्रमोदिनीबाई हाका मारत पुलाकडे धावत राहिल्या.

मग पलीकडच्या कमानीतून, काठाच्या बाजूने, आधी शेंडी दिसली. मग कान दिसले.

भुंगा गाळात पाय रुतवत, धापा टाकत वर आला. प्रमोदिनीबाईंनी दोन्ही हात पसरले. तो त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेला, अंबूबाईंच्या हातात नारळ दिला, पुढ्यात शहाण्यासारखा बसला, आणि मग अंग असे झाडले की त्यांच्या ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यावर पदरापासून निऱ्यांपर्यंत तांबडी नक्षी उमटली.

आता काय होते म्हणून बायकांनी भोवती कडे केले. अंबूबाई चिखलात फतकल मारून बसल्या. एका हाताने त्यांनी नारळ पोटाशी धरला, दुसऱ्या हाताने पदर ओढला आणि भुंग्याचे कान खसाखसा पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता मान वर करून त्यांनी जरबेने विचारले,

"ह्येला म्हसवडला धाडायचं कुणी काढलं हुतं गं?"

तीन गल्ल्यांतल्या बायका एकदम नदीकडे बघायला लागल्या. लालासाहेबांना मिशीत काहीतरी सापडले. सत्य तेच बोलणाऱ्या गोपाळकृष्णांनी मात्र तोंड उघडले, आणि प्रमोदिनीबाईंनी सगळे बळ एकवटून त्यांच्या पायावर पाय दिला.